तुटलेल्या हाडांची वही : एओ-व्हेटचा इतिहास

कुत्र्याचे किंवा मांजराचे मोडलेले हाड शस्त्रक्रियेने बसवणारा पशुवैद्य जगात कुठेही असो. त्याच्या ट्रेमधल्या प्लेट, स्क्रूची मापे, आधी ड्रिल, मग टॅप, मग स्क्रू हा क्रम आणि नंतरच्या एक्स-रेचे वेळापत्रक या साऱ्यांवर एका स्विस संस्थेची छाप असते. एओ हे त्या संस्थेचे नाव आणि एओ-व्हेट ही तिची पशुवैद्यकीय शाखा. लहान प्राण्यांच्या अस्थिशल्यचिकित्सेला आज जे शास्त्रीय रूप आले आहे, त्यातला मोठा वाटा या शाखेचा आहे.

हा इतिहास बहुधा प्लेट आणि स्क्रूंचा म्हणून सांगितला जातो. ती अवजारे महत्त्वाची आहेतच. पण संस्थेचे खरे मोठेपण तिच्या एका सवयीत आहे : शस्त्रक्रिया केलेल्या प्रत्येक हाडाची नोंद ठेवायची आणि फसलेल्या हाडाची नोंद अधिक काळजीने ठेवायची. या शाखेचे प्रत्येक पुढचे पाऊल अशाच एखाद्या फसलेल्या हाडातून उचलले गेले आहे.

स्थापनेपूर्वीचा काळ

१८५२ मध्ये डच लष्करी शल्यविशारद आंटोनियस माथायसन यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसचे बँडेज प्रचारात आणले आणि पुढची शंभर वर्षे मोडलेल्या हाडावरचा मुख्य इलाज तोच राहिला. माणसाच्या नडगीला ते मानवले. कुत्र्याच्या मांडीला मानवेना. मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडले तरच प्लास्टरचा उपयोग होतो. कुत्र्याची मांडी वर रुंद, खाली निमुळती आणि पोटाला चिकटलेली असल्याने खुब्याचा सांधा प्लास्टरमध्ये धरताच येत नाही. प्लास्टर घसरते, नेमके मोडलेल्या जागी त्याचे ओझे येते आणि हाड अधिकच हलते. शिवाय आमच्या रुग्णाला ‘महिनाभर पाय टेकू नकोस’ असे सांगता येत नाही. शुद्धीवर आल्यावर तो उठतो आणि चालू लागतो.

या अडचणीतून पशुवैद्यांनी आपली वाट आपणच शोधली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात ऑटो स्टेडर या पशुवैद्याने कुत्र्यांसाठी बाहेरून बसवायची चौकट तयार केली. हाडात पिना घालायच्या आणि त्या शरीराबाहेरच्या दांड्याला जोडायच्या, अशी ती रचना १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील शल्यविशारदांनी ती माणसांसाठी वापरली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या जखमी जवानांना तिचा लाभ झाला. पुढे सिएटलचे पशुवैद्य एमर्सन एमर यांनी अशा चौकटीत सुधारणा केली. कर्शनर-एमर हे नाव आजही आपल्या तोंडी आहे.

दरम्यान हाडाच्या पोकळीत सळई घालण्याची पद्धतही रुळली. जर्मनीत गेऱ्हार्ड क्युंटशर यांनी १९४० च्या सुमारास माणसाच्या मांडीच्या हाडात खिळा बसवला आणि लवकरच जाड पिना कुत्र्या-मांजरांच्या हाडांतही जाऊ लागल्या. पद्धत स्वस्त, जखम लहान, हत्यारे मोजकी. पण तिचे दोषही लवकरच दिसले. सळई हाडाला वाकू देत नाही, मात्र त्याचे तुकडे स्वतःभोवती फिरणे तिला रोखता येत नाही. हाड फिरते, पिन सैल होते आणि हळूहळू वर सरकून कातडीखाली टोचू लागते. मांडीच्या हाडात मोडीच्या जागेतून वर ठोकलेली पिन खुब्यामागच्या सायॅटिक मज्जातंतूला इजा करू शकते; मग हाड जुळूनही कुत्रा पंजा उलटा टाकत चालतो. हे प्रश्न सुटायला नवी दृष्टी हवी होती. ती स्वित्झर्लंडमध्ये आकार घेत होती.

१९५८ : बील

बेल्जियममध्ये अँटवर्पचे आल्बँ लाँबॉट आणि त्यांच्यानंतर ब्रुसेल्सचे रोबेर डानिस यांनी हाडाचे तुकडे एकमेकांवर दाबून घट्ट धरण्याचा मार्ग दाखवला होता. असे धरलेले हाड बाहेर गाठ न येता आतल्या आत सांधले जाते, असे डानिस यांचे निरीक्षण होते. त्यांचा ग्रंथ १९४९ चा. पुढच्याच वर्षी मॉरिस म्युलर हा तरुण स्विस शल्यविशारद त्यांना भेटून आला आणि त्याने हा विचार मायदेशी नेला.

६ नोव्हेंबर १९५८ रोजी बील या गावी १३ स्विस शल्यविशारदांनी एक अभ्यासगट स्थापन केला. म्युलर यांच्यासह मार्टिन आल्गोवर, हान्स विलेनेगर, रॉबर्ट श्नायडर आणि वाल्टर बांडी हे त्याचे आधारस्तंभ. हाडे सांधण्याच्या प्रश्नांचा अभ्यास करणारा गट, अशा अर्थाच्या लांबलचक जर्मन नावाची आद्याक्षरे म्हणजे एओ. त्यांनी चार तत्त्वे मांडली : तुकडे मूळ जागी नेमके बसवावेत, ते घट्ट धरावेत, हाडाचा आणि भोवतालच्या मांसाचा रक्तपुरवठा जपावा आणि रुग्णाला वेदनेविना लवकर हालचाल करू द्यावी.

सांध्यांच्या कडकपणापायी अपंग झालेल्यांची संख्या त्या काळी मोठी होती. हाड जुळले, पण महिनोन्महिने प्लास्टरमध्ये राहून सांधे आखडले, स्नायू वाळले, हाड ठिसूळ झाले, अशा अवस्थेला हा गट ‘फ्रॅक्चर डिसीझ’ म्हणत असे. उपचारातूनच जन्मणारा हा आजार टाळायचा, हा त्यांचा मूळ ध्यास होता.

बेटलाखचे कारागीर रॉबर्ट माथिस यांनी हत्यारे आणि स्क्रू बनवले. सुरुवातीचे स्क्रू तुटण्याचा प्रश्न आला तेव्हा वाल्डेनबुर्गच्या श्ट्राउमान संस्थेच्या धातुतज्ज्ञांनी योग्य पोलाद शोधून दिले. १९५९ मध्ये दावोस येथे, क्षयरोगावरील जुन्या संशोधन संस्थेच्या इमारतीत, प्रयोगशाळा सुरू झाली. डिसेंबर १९६० मध्ये पहिला प्रशिक्षणवर्ग भरला. आपल्या शोधांवरचे मानधन या शल्यविशारदांनी स्वतःसाठी घेतले नाही. तो पैसा संशोधन आणि शिक्षणाकडे वळवला, आणि संस्थेची विश्वासार्हता या निर्णयावर उभी राहिली.

आणि पहिल्या दिवसापासून नोंद. शस्त्रक्रियेआधीचा एक्स-रे, नंतरचा एक्स-रे, चार महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा एक्स-रे. सारे एकाच नमुन्याच्या कार्डावर, एकाच केंद्राकडे. कोणाचा हात किती सफाईदार, याचा निवाडा रुग्णाचे हाड करणार होते.

श्वानांचे ऋण

डानिस यांनी एक्स-रेवर पाहिलेले सांधणे खरोखर होते काय, हे सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध व्हायचे होते. १९६३ मध्ये रॉबर्ट शेंक आणि हान्स विलेनेगर यांनी ते दाखवून दिले. त्यांनी हे काम कुत्र्यांवर केले. कापलेले हाड प्लेटने दाबून धरले, की पेशींची सूक्ष्म टोके एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात थेट बोगदा खणत जातात आणि मागे नवे हाड भरत जातात, हे त्यांच्या चित्रांत स्पष्ट दिसते. माणसांच्या अस्थिशल्यचिकित्सेचा एक पाया या प्राण्यांच्या हाडांत घातला गेला आहे. हे ज्ञान कुत्र्यांच्या उपचारासाठी परत आणणे हे पशुवैद्यांचे कर्तव्यच होते.

१९६९ : वाल्डेनबुर्ग

हे कर्तव्य काही मोजक्या पशुवैद्यांनी ओळखले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात घोड्यांच्या शस्त्रक्रियेत नाव कमावलेले जन्माने स्विस जाक जेनी, स्वित्झर्लंडचे ब्यर्न फॉन सालिस, जर्मनीतील लोराखचे फेरेन्क काशा आणि अमेरिकेचे ब्रूस होन ही या सुरुवातीच्या काळातली ठळक नावे. १९६९ मध्ये वाल्डेनबुर्ग येथे एओ-व्हेटची स्थापना झाली. स्क्रूच्या पोलादाचा प्रश्न जिथे सुटला, त्याच गावी हे घडले.

१९७० मध्ये ओहायो राज्य विद्यापीठाच्या कोलंबस येथील आवारात उत्तर अमेरिकेतला पहिला एओ-व्हेट वर्ग झाला. होन तिथेच अध्यापन करत होते. मिशिगनचे वेड ब्रिंकर यांच्यासारखे अनुभवी शिक्षकही या कामात उतरले. दावोसचा शिरस्ता इथेही पाळला गेला : सकाळी व्याख्यान, लगेच हातात हाड, ड्रिल आणि प्लेट. शिक्षक शेजारी उभा राहून चूक तिथल्या तिथे दाखवणार. पुढे ब्रिंकर, होन आणि डीटर प्रियर यांनी संपादित केलेला लहान प्राण्यांमधील अंतर्गत स्थिरीकरणावरील ग्रंथ १९८४ मध्ये इंग्रजीत आला. ज्यांना वर्गाला जाणे शक्य नव्हते, अशा दूरदेशीच्या पशुवैद्यांचा तो शिक्षक ठरला. १९९० मध्ये उंगर, मोंटाव्हॉन आणि हाइम यांनी कुत्र्या-मांजरांच्या लांब हाडांच्या मोडीचे वर्गीकरण मांडले. त्यामुळे वेगवेगळ्या देशांतल्या नोंदी एकमेकींशी पडताळता येऊ लागल्या.

माणसांची अवजारे जशीच्या तशी चालणार नव्हती. दीड किलोची मांजर आणि साठ किलोचा ग्रेट डेन एकाच ओपीडीत येतात. म्हणून हव्या त्या लांबीला कापता येईल आणि गरज पडल्यास एकीवर एक ठेवता येईल, अशी बारीक प्लेट खास पशुवैद्यकासाठी आली. स्क्रूची जाडी हाडाच्या जाडीच्या साधारण ४० टक्क्यांहून अधिक नसावी, नाहीतर स्क्रूच्या भोकातूनच हाड मोडते, हा नियमही लहान हाडांशी झगडतानाच हाडीमासी खिळला.

फसलेल्या हाडांची शिकवण

पहिला धडा वाढत्या पिल्लांनी दिला. मांडीचे हाड गुडघ्याजवळ मोडलेल्या पिल्लाचा पाय सरळ बांधून ठेवला, की मांडीचा पुढचा स्नायू हाडाच्या गाठीला चिकटतो आणि आखडतो. गुडघा वळेनासा होतो, पाय मागे ताठ राहतो. ही अवस्था एकदा पक्की झाली की मागे फिरवणे फार कठीण. माणसांतल्या फ्रॅक्चर डिसीझचे हे सर्वात निष्ठुर रूप. घट्ट स्थिरीकरण, दुसऱ्या दिवसापासून सांध्याची हालचाल आणि बांधायचेच झाले तर गुडघा वाकवूनच बांधणे हे नियम या पिल्लांमुळे ठरले.

दुसरा धडा छोट्या जातींच्या पुढच्या पायाचा. सोफ्यावरून किंवा मांडीवरून उडी मारली आणि मनगटाच्या वर दोन्ही हाडे मोडली, ही तक्रार घेऊन टॉय जातींची कुत्री जगभर येतात. तिथे हाडावर मांस जवळजवळ नाही, रक्तवाहिन्या विरळ आणि हाड काडीइतके बारीक. नुसत्या प्लास्टरवर भिस्त ठेवली तर हाड जुळत नाही किंवा वाकडे जुळते. प्लेट घातली तर बहुतेकदा जुळते, पण नवा प्रश्न उभा राहतो : सारा भार प्लेट उचलते, म्हणून खालचे हाड झिजत जाते आणि प्लेट घाईने काढली तर ते पुन्हा मोडते. अति घट्टपणाही अपायकारक ठरू शकतो, हे यातून कळले.

तिसरा धडा न जुळलेल्या हाडांचा. सेंट गॅलनचे बी. जी. वेबर आणि त्यांचे सहकारी चेक यांनी १९७६ मध्ये अशा हाडांची विभागणी केली. काही ठिकाणी मोठी गाठ आलेली असते पण फट राहिलेली असते. तिथे जीव आहे, स्थैर्य नाही. काही ठिकाणी टोके निमुळती, निर्जीव झालेली असतात. तिथे रक्तपुरवठाच संपलेला असतो. पहिल्याला घट्ट प्लेट पुरते. दुसऱ्याला टोके खरवडून ताजे करणे, शरीरातल्या दुसऱ्या जागेचे जाळीदार हाड भरणे आणि मग स्थैर्य देणे भाग पडते. एक्स-रेकडे पाहून कारण ओळखायचे आणि मगच हत्यार उचलायचे, ही शिस्त या वर्गीकरणाने लावली.

यामागचे यांत्रिक गणित दावोसच्या श्टेफान पेरेन यांनी उलगडले. फटीतले ऊतक किती ताणले जाते, यावर तिथे काय तयार होईल ते ठरते. ओले दाणेदार ऊतक दुप्पट लांबीपर्यंतचा ताण सोसते, कूर्चा सुमारे १० टक्के आणि हाड फक्त २ टक्के. फट केसाएवढी असेल तर अगदी थोड्या हालचालीनेही तिथला ताण प्रचंड वाढतो. अनेक तुकडे झाले असतील तर तीच हालचाल अनेक फटींत वाटली जाते आणि हाड तग धरते. एकच आडवी मोड आणि सैल बसलेली प्लेट हा अपयशाचा हमखास नमुना का, याचे उत्तर या गणितात आहे.

चौथा धडा जंतुसंसर्गाचा. धातूवर जंतूंचा थर बसला की औषध तिथवर पोचत नाही. तरीही स्थिर असलेले हाड पू असतानाही जुळू शकते. सैल असलेले मात्र जुळत नाही. म्हणून घाईने सगळे धातू उपसून काढण्यापेक्षा सैल झालेले बदलावे, स्थैर्य टिकवावे, मेलेला तुकडा काढावा, कल्चर करून औषध द्यावे आणि हाड जुळल्यावर धातू काढावेत, असा क्रम ठरला.

आणि एक धडा विशेष धैर्याचा. जुन्या मोडीच्या जागी अनेक वर्षांनी हाडाचा कर्करोग झालेल्या कुत्र्यांवरचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. असे क्वचितच घडते आणि त्यांतल्या बहुतेक कुत्र्यांत मूळच्या उपचारातही गुंतागुंत झाली होती. त्या लेखाच्या लेखकांत एओ-व्हेटचे ब्रूस होन आहेत आणि श्ट्राउमान संस्थेतील धातुशास्त्रज्ञ ऑर्ट्रुन पोलरही आहेत. प्लेट बसवायला शिकवणाऱ्यांनी आणि प्लेटचा धातू घडवणाऱ्यांनीच धोक्याची नोंद जगापुढे ठेवली. या संस्थेच्या इतिहासातले हे पान मला सर्वात मोलाचे वाटते.

तत्त्वांची फेरमांडणी

नोंदींच्या ढिगाने शेवटी संस्थेला स्वतःचेच पहिले तत्त्व बदलायला लावले. प्रत्येक तुकडा मूळ जागी बसवण्याच्या आग्रहाने शल्यविशारद तुकड्यांचे मांस सोलत, तारांनी ते आवळत, आणि सुबक दिसणारा एक्स-रे दोन महिन्यांनी तुटलेली प्लेट दाखवी. १९८० नंतर मत पालटू लागले. सांध्यातून गेलेली मोड नेमकी बसलीच पाहिजे. पण लांब हाडाच्या मधल्या भागाचा चुरा झाला असेल तर हाडाची लांबी, सरळपणा आणि फिरकी नीट साधा आणि तुकड्यांना हात लावू नका. त्यांच्याभोवतीचे रक्त हाच उत्तम औषधोपचार.

अवजारेही त्या दिशेने बदलली. हाडाला कमीत कमी टेकणारी खाच असलेली प्लेट १९९० च्या सुमारास आली. नव्या शतकाच्या आरंभी स्क्रूचे डोके प्लेटमध्येच घट्ट बसणारी लॉकिंग प्लेट आली. तिला हाडावर दाबून बसवण्याची गरज नसते. लहान प्राण्यांत पोकळीत पिन आणि बाहेर प्लेट अशी जोडी लोकप्रिय झाली. पोकळीची निम्मी जागा व्यापणारी पिन घातली तर प्लेटवरचा ताण जवळजवळ निम्मा होतो आणि तिचे आयुष्य दहापट वाढते, हे १९९७ च्या एका अभ्यासाने दाखवले. एकेकाळी नाव गेलेली साधी सळई अशी सन्मानाने परतली. २००५ मध्ये जॉन्सन, हौल्टन आणि व्हॅनिनी यांनी संपादित केलेला कुत्र्या-मांजरांच्या अस्थिभंगावरचा एओचा ग्रंथ या नव्या विचारावरच उभा आहे.

आपल्या दवाखान्यात

परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे, म्हणजे एओहून ७२ वर्षांनी ज्येष्ठ. महाराष्ट्रातल्या पशुवैद्यकाला स्वतःची दीर्घ परंपरा आहे आणि त्याचे प्रश्नही काही अंशी वेगळे आहेत. आपण पुष्कळदा माणसांसाठी बनलेल्या भारतीय प्लेट आणि स्क्रूंवर काम भागवतो. गाडीखाली आलेले रस्त्यावरचे कुत्रे घेऊन येणाऱ्या प्राणिमित्राकडे शस्त्रक्रियेपुरते पैसे असतात; चार आठवड्यांनी दुसऱ्या एक्स-रेला परत येण्याची सोय नसते. नुसत्या दूध-पोळीवर किंवा नुसत्या मांसावर वाढलेल्या पिल्लाची हाडे इतकी मऊ होतात, की ती उडी न मारताच दुमडतात. अशा हाडात स्क्रू धरत नाही. तिथे आधी आहार सुधारायचा, कॅल्शियम द्यायचे आणि पिल्लाला लहान जागेत विश्रांती द्यायची. हे ओळखल्याशिवाय प्लेट घातली तर दोष प्लेटचा नसतो.

म्हणून एओ-व्हेटकडून आपण सर्वप्रथम घ्यावी ती तिची वही. तिला स्विस पोलाद लागत नाही. प्राण्याची जात, वय, वजन. मोड कोणत्या हाडाची आणि कशी. काय बसवले, कोणत्या मापाचे. आणि पुढच्या एक्स-रेवर चार गोष्टी : तुकडे एकमेकांना भिडलेत का, हाड सरळ आहे का, धातू जागेवर आहे का आणि नवे हाड तयार होते आहे का. पिल्लाचा एक्स-रे तीन-चार आठवड्यांनी, मोठ्या कुत्र्याचा सहा ते आठ आठवड्यांनी. पहिल्या शस्त्रक्रियेच्या शुल्कातच दुसऱ्या एक्स-रेचे शुल्क घेतले, तर मालक परत येण्याची शक्यता वाढते. पाय ताठ झाला, पिन सरकली, प्लेट तुटली, पू झाला, तर तेही त्याच पानावर.

अशा वह्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या दवाखान्यांत भरू लागल्या आणि एकत्र वाचल्या गेल्या, तर आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांना, आपल्या पॉमेरेनियनांना आणि खिडकीतून पडणाऱ्या आपल्या मांजरांना कोणता उपचार खरोखर मानवतो, हे सांगायला आपल्याला परदेशी ग्रंथ उघडावा लागणार नाही. बीलमध्ये जमलेल्या १३ जणांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याजवळ पक्की उत्तरे नव्हती. परिणाम तपासण्याची तयारी होती. ती तयारी आपल्यातही आहे. पुढच्या स्मरणिकेत आपल्या यशापयशाच्या नोंदींवर आधारलेला लेख छापला जावा, अशी माझी सर्व सहकाऱ्यांना मनःपूर्वक विनंती आहे.